बॉरिसचा धनी : एका चरित्राची प्रस्तावना

1880 च्या सार्वत्रिक निवडणुकीत आयर्लंडमधल्या कार्लो काउंटीने आपला जुना खासदार पाडला. आर्थर मॅकमरो कॅव्हाना बारा वर्षे तिथून निवडून येत होता. त्याआधी दोन वर्षे तो शेजारच्या वेक्सफर्डचा खासदार होता. तो त्या मुलखातला मोठा जमीनदार. त्याने गावे नव्याने बांधून काढली होती, कुळांना धड घरे दिली होती, लाकूड कापायची गिरणी घातली होती, गावाला जोडणारी रेल्वे स्वतःची पदरमोड करून चालवली होती. वाड्याच्या अंगणात झाडाखाली बसून कुळांचे तंटे मिटवणारा धनी, अशी त्याची ख्याती होती. तरीही ज्यांना मताचा हक्क होता, त्या त्याच्याच कुळांपैकी अनेकांनी त्याच्याविरुद्ध मत टाकले. हा घाव त्याच्या जिव्हारी लागला.

या माणसाला जन्मापासून हात नव्हते आणि पायही नव्हते.

कॅव्हानाची कथा जिथे जिथे सांगितली जाते, तिथे ती या शेवटच्या वाक्यापासून सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. हातपाय नसलेला मुलगा घोड्यावर बसतो, बंदूक चालवतो, इराणातून हिंदुस्थानात येतो, शिडाची नौका हाकतो आणि लंडनच्या पार्लमेंटात जाऊन बसतो. ऐकणारा थक्क होतो आणि थक्क झाल्यावर पुढे काही विचारावेसे त्याला वाटत नाही. हे चरित्र मी लिहायला घेतले ते त्या पुढच्या प्रश्नांसाठी. एवढ्या जिद्दीच्या, एवढ्या कर्तबगार आणि मनाने एवढ्या चांगल्या धन्याला त्याच्या कुळांनी का नाकारले? त्यांची चूक झाली, की चांगुलपणाने भागत नाही असे काही तरी त्यांना हवे होते? माझे उत्तर दुसऱ्या बाजूला झुकते. ते का झुकते, हे सांगण्यासाठी आधी तो माणूस आणि त्याचा मुलूख वाचकापुढे उभा करणे भाग आहे.

बॉरिस हे गाव आयर्लंडच्या आग्नेय भागात, बॅरो नदीच्या खोऱ्यात आहे. पूर्वेला ब्लॅकस्टेअर्स डोंगरांची रांग आहे. गावाला लागूनच कॅव्हाना घराण्याचा वाडा, बॉरिस हाउस. हे घराणे स्वतःला लेन्स्टरच्या राजांचे वंशज म्हणवत असे, आणि तो दावा पोकळ नव्हता. चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड फौज घेऊन आयर्लंडमध्ये उतरला, तेव्हा त्याला जेरीस आणणारा आर्ट मॅकमरो कॅव्हाना हा याच वंशातला. आयर्लंडमधले बहुतेक बडे जमीनदार विजेत्यांबरोबर आलेले, कुळांहून वेगळ्या रक्ताचे आणि वेगळ्या धर्माचे. कॅव्हाना मात्र जुने गेलिक घराणे. आर्थरचे वडील टॉमस प्रॉटेस्टंट झाले आणि घर इंग्लिश राज्यव्यवस्थेत पुरते मिसळून गेले, तरी गावाच्या नजरेत त्या वाड्याला वेगळा मान राहिला. आर्थरलाही त्या मानाची जाणीव जन्मभर होती. आपण उपरे नाही, ही माणसे पिढ्यान्‌पिढ्या आपली आहेत, असे तो मनापासून मानत असे. पुढे जे घडले त्याचे दुःख त्याला इतरांहून जास्त का झाले, ते यातून कळते.

त्याचा जन्म 25 मार्च 1831 चा. हातांच्या आणि पायांच्या जागी फक्त खुंट होते. त्या काळात अशा मुलाच्या नशिबी बहुधा बंद खोली येई, मग घर गरिबाचे असो वा श्रीमंताचे. आर्थरच्या नशिबी तसे आले नाही, याचे श्रेय मुख्यतः त्याच्या आईला आणि फ्रान्सिस बॉक्सवेल या तिथल्या डॉक्टरला. आई लेडी हॅरिएट ही क्लॅनकार्टीच्या अर्लची मुलगी. ती स्वतः चित्रकार होती, प्रवासाची तिला ओढ होती आणि स्वभावाने ती करारी होती. आर्थर सहा वर्षांचा असताना वडील गेले आणि घराची सूत्रे तिच्याकडे आली. या मुलाला दयेवर वाढवायचे नाही, असा तिचा आणि डॉक्टरांचा निर्धार दिसतो. लहानपणीच त्याला घोड्यावर बसवण्यात आले. खोगिराला खुर्चीसारखी बैठक जोडली, तिला पट्ट्यांनी त्याला बांधले, आणि लगाम हातांच्या खुंटांना अडकवून तो घोडा चालवू लागला. पुढे तो कुंपणे आणि चर ओलांडत शिकारीच्या घोडदौडीत जाऊ लागला. घोडा कोसळला तर सुटून बाजूला होण्याची सोय त्याला नव्हती, हे ध्यानात घेतले की त्या दौडीतला धोका कळतो. तो लिहायला शिकला, चित्रे काढायला शिकला, गळ टाकायला शिकला. बंदूक तो डाव्या खुंटावर तोलून धरी आणि उजव्या खुंटाने घोडा ओढी.

हे सारे सांगताना एक गोष्ट मला मुद्दाम नोंदवायची आहे. या मुलाची जिद्द विलक्षण होती यात शंका नाही, पण त्या जिद्दीला खास बनवलेले खोगीर मिळाले, घोडे मिळाले, शिक्षक मिळाले, पाठीवर घेऊन चालणारा नोकर मिळाला. त्याच्या आईने आणि डॉक्टरने अपंग मुलाकडे पाहण्याची जी दृष्टी दाखवली, ती काळाच्या कितीतरी पुढची होती. ती दृष्टी प्रत्यक्षात आणायला लागणारे बळ मात्र जमिनीच्या खंडातून येत होते. चरित्रकाराने हे विसरू नये, आणि वाचकानेही.

आर्थर पंधरा वर्षांचा असताना, 1846 मध्ये, लेडी हॅरिएट मुलांना घेऊन लांबच्या प्रवासाला निघाली. इजिप्त, नाईल नदी, सिनाईचे वाळवंट, पॅलेस्टाईन असा हा प्रवास 1848 पर्यंत चालला. तिने आणलेल्या इजिप्तच्या पुरातन वस्तू पुढे आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहाचा भाग झाल्या. ग्रीक बेटांवरच्या लेसचे नमुने आणून तिने बॉरिसच्या बायकांना ते विणकाम शिकवले, आणि ‘बॉरिस लेस’ नावाचा धंदा उभा राहिला. ही तिच्या कर्तृत्वाची बाजू. पण सालांकडे पाहा. 1845 मध्ये आयर्लंडमधल्या बटाट्याच्या पिकावर करपा पडला आणि पुढची चार-पाच वर्षे देश उपाशी होता. 1841 च्या शिरगणतीत आयर्लंडची लोकसंख्या सुमारे 82 लाख होती. 1851 मध्ये ती सुमारे 65 लाखांवर आली. दहा लाखांच्या आसपास माणसे भुकेने आणि साथींनी मेली, त्याहून जास्त जहाजांत बसून देशोधडीला लागली. कॅव्हाना कुटुंब नाईलवर होते तेव्हाची ही गोष्ट. मी हे दोषारोप म्हणून लिहीत नाही. एका घराच्या आयुष्यात ही दोन्ही चित्रे शेजारी शेजारी होती आणि त्या घराला त्यात विसंगती वाटली नाही, हे समजून घेतल्याशिवाय पुढची निवडणूक समजत नाही.

1848 मध्ये ‘यंग आयर्लंड’ या राष्ट्रवादी तरुणांनी उठाव केला. तो लगेच मोडला. सतरा वर्षांचा आर्थर तेव्हा रात्रीच्या रात्री घोड्यावरून मुलूख पालथा घालून सरकारपक्षासाठी टेहळणी करत होता. ज्या आर्ट मॅकमरोने इंग्रज राजाला झुंजवले, त्याच्या वंशजाने कोणती बाजू घ्यायची, हा प्रश्न त्याला पडला नाही. बाजू आधीच ठरलेली होती.

पुढच्याच वर्षी आईची मर्जी खप्पा झाली आणि थोरला भाऊ टॉमस व एक पाद्री शिक्षक यांच्याबरोबर आर्थरची घरातून रवानगी झाली. त्यातूनच त्याच्या आयुष्यातला सर्वांत मोठा प्रवास घडला. स्कँडिनेव्हिया, मॉस्को, व्होल्गा नदीतून अस्त्रखान, कास्पियन समुद्र, मग इराण. तब्रीझमध्ये तो आजारी पडला. पुढे कुर्दिस्तान, बगदाद आणि इराणच्या आखातातून 1851 मध्ये तो मुंबईला पोचला. बर्फात, चिखलात, घाटांच्या अरुंद वाटांवर खोगिराला बांधून घेऊन केलेला हा प्रवास आहे. त्याची रोजनिशी त्याने स्वतःच लिहिली, आणि तीत आपल्या देहाबद्दल तक्रारीचा सूर जवळजवळ नाही. घोडी, हवा, वाटा, शिकार, उशीर आणि अडचणी, हेच त्याचे विषय. माझ्या मते त्याच्या स्वभावाची खरी खूण इथे आहे. लोक त्याच्याकडे पाहत तेव्हा त्यांना त्याचा देह दिसे. तो स्वतः जगाकडे पाही तेव्हा त्याला रस्ता दिसे.

याच टप्प्यावर ही कथा आपल्या मुलखात येते. टॉमसला क्षयाने ग्रासले होते. त्यातच तो वारला. आर्थर परक्या देशात एकटा उरला आणि पोटासाठी काम शोधू लागला. काही काळ त्याने औरंगाबादच्या भागात घोड्यावरून सरकारी टपाल पोचवण्याचे काम केले. मग पुणे जिल्ह्यातल्या सर्व्हे खात्यात त्याला जागा मिळाली. 1853 पर्यंत तो इथे होता.

पुणे जिल्ह्याच्या मोजणी खात्याला त्या काळात काय महत्त्व होते, ते मराठी वाचकाला थोडे आठवून द्यायला हवे. पेशवाई गेल्यावर कंपनी सरकारने प्रिंगल या अधिकाऱ्याकरवी केलेली पहिली पाहणी फसली. सारा इतका चढा बसला की शेतकऱ्यांनी जमिनी टाकल्या. मग 1835-36 पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून नवी पद्धत बसवली. शंकुसाखळीने शेत न्‌ शेत मोजायचे, त्याला नंबर द्यायचा, बांध ठरवायचे, मातीची प्रत लावायची, आणि त्यावरून तीस वर्षांसाठी आकार ठरवून थेट रयतेच्या नावावर टाकायचा. सरकार आणि कुणबी यांच्यामध्ये जमीनदार नको, असे या रयतवारीचे तत्त्व. सारा भरला की जमीन त्याची. तो ती विकू शकतो, मुलांना देऊ शकतो.

आयर्लंडमध्ये याच्या नेमके उलट होते. जमीन धन्याची. बहुतेक कुळे वर्षाच्या कराराने कसत. कुळाने बांध घातला, पाण्याला वाट काढली, झोपडीचे घर केले, तरी ते सारे कायद्याने धन्याचे. उलट जमीन सुधारली म्हणून खंड वाढण्याची भीती. खंड थकला की बेदखली, आणि बेदखल झाले की रस्ता, वर्कहाउस किंवा अमेरिकेचे जहाज. उत्तरेकडे अल्स्टरमध्ये रूढीने कुळाला थोडे संरक्षण होते. बाकी देशात तेही नव्हते. कोकणातल्या खोतीच्या आठवणी ज्या घरांत अजून जाग्या आहेत, त्यांना ही व्यवस्था फार समजावून सांगावी लागणार नाही.

म्हणजे आयर्लंडच्या एका जमीनदाराच्या मुलाने विशीच्या उंबरठ्यावर अशा मुलखात नोकरी केली, जिथे जमीनदाराविना शेतसाऱ्याची व्यवस्था उभी राहत होती. त्या व्यवस्थेचे स्वतःचे दोष होते. पैशाच्या साऱ्याने शेतकऱ्याला सावकाराच्या दारात नेऊन उभे केले आणि 1875 मध्ये सुप्यापासून पेटलेल्या दंग्यांत त्याने कर्जरोखे जाळले. त्यावर 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा झाला. त्याच 1879 मध्ये आयर्लंडमध्ये लँड लीग ही कुळांची संघटना स्थापन झाली. दोन्हीकडे राज्यकर्ते तेच आणि पेच सारखाच, की जो जमीन कसतो त्याला तिच्यावर उभे राहण्यासाठी किती जागा द्यायची. कॅव्हानाचे आयुष्य या दोन मुलखांना स्पर्श करून जाते, म्हणून ते मराठीत वाचताना आपल्याला दूरचे वाटू नये.

1853 मध्ये दुसरा भाऊ चार्ल्सही वारला आणि बावीस वर्षांचा आर्थर बॉरिसचा धनी झाला. कार्लो, किल्केनी आणि वेक्सफर्ड या काउंटींत पसरलेली वीस हजार एकरांहून मोठी जमीन त्याच्याकडे आली. 1855 मध्ये त्याने आपल्या नात्यातल्या फ्रान्सिस फोर्ड-लेदली हिच्याशी लग्न केले. पुढची पंचवीस वर्षे ही त्याच्या आयुष्यातली भरभराटीची वर्षे होती. दुष्काळात मोडलेला मुलूख त्याने नेटाने सावरला. बॉरिस आणि बॅलीरॅगेट या गावांची घरे त्याने स्वतः आराखडे काढून नव्याने बांधली. त्या आराखड्यांना रॉयल डब्लिन सोसायटीचे पदक मिळाले. बॅगनल्सटाउनहून बॉरिसकडे येणाऱ्या रेल्वेमार्गासाठी त्याने पैसा ओतला आणि कारभारही पाहिला. त्या मार्गावरचा सोळा कमानींचा दगडी पूल आजही बॉरिसमध्ये उभा आहे. गरिबांच्या कायद्याखाली चालणाऱ्या पालक मंडळाचा तो अध्यक्ष होता, न्यायदंडाधिकारी होता, किल्केनी आणि कार्लोचा शेरीफही होऊन गेला. सासूने सुरू केलेले लेसचे काम फ्रान्सिसने पुढे चालवले.

समुद्राचे वेड त्याला पहिल्यापासून होते. ‘ईव्हा’ नावाची नौका घेऊन तो भूमध्य समुद्रात, कोर्फू आणि अल्बेनियाच्या किनाऱ्यापर्यंत गेला आणि 1865 मध्ये त्या सफरीचे पुस्तक प्रसिद्ध केले. छायाचित्रण नुकते रुळत होते तेव्हाच तो त्याच्या नादी लागला होता. या उद्योगी माणसाला रिकामा वेळ ठाऊक नव्हता. घरात तो यंत्राच्या खुर्चीतून फिरे, बाहेर नोकराच्या पाठीवरून किंवा घोड्यावरून. पाहणाऱ्यांचे अवघडलेपण काही मिनिटांत नाहीसे करण्याची हातोटी त्याच्यात होती, असे त्याला ओळखणाऱ्यांनी लिहून ठेवले आहे.

1866 मध्ये तो वेक्सफर्डमधून आणि 1868 मध्ये कार्लोतून कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षातर्फे कॉमन्स सभागृहात गेला. त्याच सभागृहात तेव्हा हेन्री फॉसेट हा दृष्टी गेलेला लिबरल खासदार होता. अर्थशास्त्राचा प्राध्यापक असलेला फॉसेट हिंदुस्थानच्या खर्चाचे हिशेब सरकारला सतत विचारत राहिला आणि इकडे आदराचा विषय झाला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अपंग माणसांना सार्वजनिक जीवनात जागा नसे, असे आपण सहज म्हणतो. त्या समजुतीला हे दोघे छेद देतात. त्यातून दुसरी गोष्टही दिसते. दोघांचे पक्ष वेगळे, मते वेगळी, स्वभाव वेगळे. एकसारख्या अडचणींतून गेलेली माणसे एकसारखा विचार करतील, असे धरून चालता येत नाही.

कॅव्हाना फार बोलत नसे. बोले ते बहुतेक आयर्लंडबद्दल, गरिबांच्या कायद्याबद्दल, जमिनीबद्दल. 1869 मध्ये पंतप्रधान ग्लॅडस्टनने आयर्लंडमधल्या प्रॉटेस्टंट चर्चचा सरकारी दर्जा काढून घेतला, तेव्हा कॅव्हानाने विरोध केला. पण 1870 च्या जमीन विधेयकाला त्याने पाठिंबा दिला. बेदखल होणाऱ्या कुळाला त्याने केलेल्या सुधारणांची भरपाई मिळावी, असे ते विधेयक सांगत होते. चांगला जमीनदार जे आपणहून करतो ते वाईट जमीनदाराला करायला लावणे, एवढ्यापर्यंत कायदा त्याला मान्य होता. इथे त्याची प्रामाणिकता दिसते आणि तिची सीमाही दिसते. धन्याने उदार असावे, असे तो मानत होता. कुळाला धन्याच्या उदारपणाची गरजच पडू नये, ही कल्पना त्याच्या मनात शिरू शकली नाही.

1870 च्या दशकाच्या शेवटी पिके सलग बुडाली. अमेरिकेतून स्वस्त धान्य येऊ लागल्याने भावही पडले. दुष्काळाच्या आठवणी तिशी उलटलेल्या प्रत्येकाच्या मनात होत्या. त्या भीतीतून लँड लीग उभी राहिली. अध्यक्ष आयरिश राष्ट्रवादी नेता पार्नेल होता, पण तिचा प्राण होता मायकेल डेव्हिट.

डेव्हिटचा जन्म 25 मार्च 1846 चा, म्हणजे योगायोगाने कॅव्हानाच्याच वाढदिवसाचा, पंधरा वर्षांनंतरचा. मेयो काउंटीतल्या एका कुळाचा हा मुलगा. तो चार वर्षांचा असताना खंड थकल्यामुळे त्याच्या कुटुंबाला बेदखल करण्यात आले. आईबाप मुलांना घेऊन इंग्लंडमध्ये लँकेशायरला गेले. अकराव्या वर्षी कापसाच्या गिरणीतल्या यंत्रात सापडून डेव्हिटचा उजवा हात गेला. पुढे तो फेनियन क्रांतिकारकांत सामील झाला, 1870 मध्ये त्याला शिक्षा झाली, आणि सात वर्षे त्याने इंग्रजांच्या तुरुंगात एका हाताने सक्तमजुरी केली. सुटल्यावर त्याने कुळांना सांगितले की खंड कमी करून मागा, बेदखल झालेल्याची जमीन दुसऱ्याने घेऊ नका, जो घेईल त्याच्याशी व्यवहार तोडा. 1880 मध्ये मेयोतल्या कॅप्टन बॉयकॉटवर घातलेला बहिष्कार जगभर गाजला तो याच लढ्यातला.

या दोन आयुष्यांची जोडी माझ्या पुस्तकाचा कणा आहे. एकाने निसर्गाने न दिलेले अवयव घराण्याच्या आधाराने आणि स्वतःच्या जिद्दीने भरून काढले. दुसऱ्याचा अवयव बेदखलीनंतरच्या दारिद्र्याने, बालमजुरीने हिरावून घेतला. दोघांपैकी कोणाचेही धैर्य कमी लेखण्याचे कारण नाही. पण देहाच्या उणिवेवर मात करणे ही एकट्याची गोष्ट असते, असे जे आपण समजतो, ते या दोघांना शेजारी ठेवले की टिकत नाही. कोणाच्या वाट्याला खोगीर येते आणि कोणाच्या वाट्याला गिरणीचे चाक, हे जमिनीच्या मालकीने ठरवले होते. कॅव्हानाची जिद्द सांगणारी पुस्तके डेव्हिटचे नाव घेत नाहीत. ते घेतले की त्या जिद्दीचा अर्थ अधिक खोल होतो, हे वाचकाला पुढच्या प्रकरणांत जाणवावे.

निवडणुकीतल्या पराभवानंतरही कॅव्हाना घरी बसला नाही. त्याच वर्षी तो कार्लोचा लॉर्ड लेफ्टनंट झाला. ग्लॅडस्टन त्याचा राजकीय विरोधक, पण जमिनीच्या प्रश्नावर नेमलेल्या बेसबरो आयोगात त्याने कॅव्हानाला घेतले. विरोधकालाही त्याच्या माहितीची आणि सचोटीची खात्री होती, याचा हा पुरावा. आयोगाने शेकडो साक्षी नोंदवल्या आणि 1881 मध्ये तीन मागण्यांची शिफारस केली. खंड वाजवी असावा, खंड भरणाऱ्या कुळाला जमिनीवरून काढता येऊ नये, आणि आपला कसण्याचा हक्क विकण्याची त्याला मोकळीक असावी. कॅव्हानाने सही केली नाही. त्याने आपले वेगळे मत लिहून दिले. त्याचे म्हणणे, यातून मालकीची वाटणी होईल आणि जमीनदाराची मालमत्ता भरपाईवाचून हिरावली जाईल. आयोगाच्या बहुमताला धरून ग्लॅडस्टनने त्याच वर्षी कायदा केला आणि वाजवी खंड ठरवायला न्यायालये बसली.

त्यानंतर कॅव्हाना लढत राहिला, पण आता जमीनदारांच्या बाजूचा सेनापती म्हणून. बहिष्कारामुळे ओसाड पडलेल्या जमिनी कसण्यासाठी त्याने लँड कॉर्पोरेशन उभे करण्यात पुढाकार घेतला. 1886 मध्ये तो आयर्लंडच्या प्रिव्ही कौन्सिलचा सदस्य झाला. 25 डिसेंबर 1889 ला लंडनमध्ये न्यूमोनियाने त्याचा मृत्यू झाला, आणि बॉरिसजवळ घराण्याच्या दफनभूमीत त्याला पुरले. चौदा वर्षांनी, 1903 च्या कायद्याने, सरकारने कर्ज देऊन कुळांना जमिनी विकत घेण्याची सोय केली आणि आयर्लंडमधली जमीनदारी झपाट्याने ओसरू लागली. 1908 मध्ये कार्लोने पुन्हा एका कॅव्हानाला पार्लमेंटात पाठवले. तो आर्थरचा मुलगा वॉल्टर होता आणि तो आयर्लंडच्या स्वराज्याच्या बाजूचा राष्ट्रवादी म्हणून निवडून आला. बापाला नाकारणाऱ्या मुलखाचा त्या घराण्यावर राग नव्हता, हे यातून कळते. त्याने नाकारली होती ती व्यवस्था.

या चरित्राच्या साधनांबद्दल थोडे. कॅव्हानाच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी त्याच्या नात्यातल्या सारा स्टील यांनी त्याच्या रोजनिश्या आणि पत्रे हाताशी घेऊन पहिले चरित्र लिहिले. ते प्रेमाने लिहिलेले आहे. प्रवासाची प्रकरणे त्यात जिवंत आहेत, पण जमिनीच्या लढ्याकडे ते वाड्याच्या खिडकीतूनच पाहते. 1901 मध्ये लुकस मॅलेट या टोपणनावाने लिहिणाऱ्या मेरी किंग्जली यांनी ‘सर रिचर्ड कॅल्मडी’ ही कादंबरी लिहिली; तिच्या नायकामागे कॅव्हानाची आठवण आहे. त्यानंतर दंतकथा वाढत गेल्या. इराणी राजवाड्यातले आणि शिकारीचे अनेक रंगेल किस्से त्याच्या नावावर जमा झाले. ज्या गोष्टींना त्याच्या कागदपत्रांत किंवा सरकारी दप्तरात आधार आहे, त्याच मी मुख्य कथनात घेतल्या आहेत. आयोगापुढे साक्ष देणाऱ्या कुळांचे बोलणेही मी मुद्दाम ऐकले आहे, कारण या कथेत धन्याचा आवाज भरपूर आहे आणि कुळांचा फार थोडा.

मराठी वाचकाकडून माझी अपेक्षा साधी आहे. कॅव्हानाच्या घोडदौडीचे आश्चर्य जरूर वाटू द्या. ते वाटण्याजोगेच आहे. त्याने बांधलेल्या घरांचे, चालवलेल्या रेल्वेचे कौतुक करा. पण त्याच्या कुळांना कृतघ्न म्हणण्याची घाई करू नका. छप्पर चांगले असणे वेगळे, आणि त्या छपराखालून कोणी आपल्याला काढू शकणार नाही ही खात्री वेगळी. पहिले कॅव्हानाने दिले. दुसरे देणे कोणाही एका धन्याच्या हातचे नव्हते; त्याला कायदा लागतो, आणि कायद्यासाठी लढावे लागते. आपल्याकडे कुळकायदा आणि खोतीबंदी यायला विसाव्या शतकाचा मध्य उजाडला, आणि तेही कुळांच्या लढ्यांशिवाय झाले नाही. आजही गावोगाव चांगली माणसे आपल्या मर्जीने इतरांचे भले करतात आणि ज्यांचे भले होते त्यांनी हक्काची भाषा काढली की दुखावतात. त्या दुखावण्यामागचा प्रामाणिकपणा आणि त्यातली चूक, दोन्ही एकाच वेळी पाहायला शिकवणारे माझ्या माहितीतले हे सर्वांत स्पष्ट आयुष्य आहे. म्हणून ते मराठीत यायला हवे होते.